ऑइल प्रेशरचं मीटर: काटा कुठं लावायचा ते नंतर, सेंडर कुठं टांगलाय ते आधी बघा

प्रश्न: सर, माझी ६५० सीसीची ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची गाडी आहे. ऑइलचा लाल दिवा आहेच, पण मला काट्याचं मीटर पाहिजे होतं म्हणून एका मेकॅनिककडनं बसवून घेतलं. त्यानं इंजिनवरचा प्रेशर स्विच काढून तिथं पितळी टी (तीन तोंडांचा जोड) लावला, एका तोंडाला जुना स्विच, दुसऱ्याला सेंडर (प्रेशर मोजून वायरनं मीटरला कळवणारा भाग), आणि मीटर हँडलवर. सकाळी थंड गाडीला काटा ७० पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे प्रेशरचं माप) वर जातो आणि कागलहून परत येताना तावडे हॉटेलपाशी ट्रॅफिकमध्ये थांबलो की १५ वर. पंप गेला का? का मीटर लांब आहे म्हणून कमी दाखवतंय? टाकीवर घेऊ का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: पंप गेलेला नाही भावा, आधी ती काळजी सोड. पंप फक्त ऑइल ढकलतो, प्रेशर तयार होतं ते बेअरिंगच्या बारीक फटीतनं ऑइलला निघायला त्रास होतो म्हणून. थंड ऑइल घट्ट असतं म्हणून काटा वर, तापलं की पातळ होऊन पटापट निघून जातं म्हणून खाली. साधा हिशोब दर हजार आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे तापलेल्या गाडीला स्लोवर १५ चांगलंच आहे. गाडी तापवून चार हजारावर किती दाखवतं ते एका कागदावर लिहून ठेव, पुढं कधी त्याच तापावर, त्याच आरपीएमला काटा बराच खाली दिसला तर मग इंजिनकडं बघायचं.

मीटर लांब असल्याचा प्रश्नच नाही, तुझ्याकडं इलेक्ट्रिक आहे, वर फक्त वायर जाते. ऑइलची नळी वरपर्यंत नेणारं मीटर असतं तरी एक मीटर उंचीला जेमतेम सव्वा पीएसआयचा फरक पडतो.

मला खरी भीती वाटते ती त्या टीची. सेंडर मुठीत मावतो पण चांगला जड असतो, आणि तो इंजिनला चिकटून बाहेर लोंबकळतोय, खाली ट्विनचं व्हायब्रेशन, म्हणजे पितळेच्या आट्यापाशी रोज हजारो हिसके. माझ्याच गाडीचा असा टी वाघबिळाच्या चढाला तुटला. आदल्या दिवशी आट्यापाशी घाम आल्यासारखं ऑइल दिसलं होतं, मी फडक्यानं पुसून निघालो, आणि चढाला बुटावर काहीतरी गरम लागलं म्हणून खाली बघितलं तर मोजा ऑइलनं चिंब, काटा शून्यावर, दिवा लागलेला. लगेच किल्ली बंद केली म्हणून इंजिन वाचलं, पण मागच्या टायरपर्यंत ऑइल पोचलं होतं, एखादं वळण पुढं गेलो असतो तर काय झालं असतं ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

म्हणून तू टी इंजिनवरनं काढच. इंजिनला फक्त एक छोटं अडॅप्टर, त्याला स्टीलच्या जाळीचा ब्रेडेड होज, आणि टी, सेंडर, स्विच सगळं फ्रेमला रबरात क्लॅम्प करायचं, सायलेन्सरपासून लांब. प्लास्टिकची नळी तापलेल्या इंजिनजवळ अजिबात नको. अडॅप्टरला आत साधारण १ मिलिमीटरचंच भोक ठेव, काटा थरथरत नाही आणि होज फुटला तरी ऑइल एकदम ओकत नाही. प्रेशर फिल्टरच्या पुढं, म्हणजे ऑइल गाळून निघाल्यावर, मेन गॅलरीतच (बेअरिंगकडं ऑइल नेणाऱ्या मुख्य वाटेत) घ्यायचं, कारण बेअरिंगला काय पोचतंय ते तिथंच कळतं.

आट्यांचं मात्र सांभाळ. १/८ बीएसपी, १/८ एनपीटी आणि एम १० बाय १ ही आट्यांची वेगवेगळी मापं, पण तिन्ही हाताला सारखेच लागतात, बीएसपीला इंचात २८ आटे, एनपीटीला २७, दोन फेरे सहज जातात मग घट्ट होतं आणि पान्यानं रेटलं की ॲल्युमिनियमचे आटे संपले. जुना स्विच घेऊन उद्यमनगरात जा, लेथवाला पिच गेज (आटे मोजायच्या पात्या) लावून लगेच सांगतो आणि अडॅप्टरही करून देतो. टेफ्लॉन टेप भरमसाठ गुंडाळू नको, तुकडा आत गेला तर ऑइलची वाट अडते.

फ्रेमवर रबरात नेलंस की सेंडर आणि स्विचची अर्थिंग तुटते, तिथनं वेगळी अर्थ वायर इंजिनला आण. बसवून झालं की किल्ली ऑन करून इंजिन बंद असताना दिवा लागतोय का बघ, नाही लागला तर अर्थिंग मिळत नाही आणि दिवा असून नसल्यासारखा. गगनबावड्याच्या पावसात फिरणार असशील तर जोडांना रबरी टोपी हवीच.

मीटर टाकीवर नको, बघायला मान खाली घालावी लागते. हँडलवरच ठेव, फक्त दोन्हीकडं पूर्ण वळवून वायर ताणत नाही ना ते बघ.

प्रश्न: वडिलांच्या जुन्या कास्ट आयर्न बुलेटला हेच मीटर चालेल का?
— वाचक, कसबा बावडा

उत्तर: १०० पीएसआयचं मीटर लावलंत तर काटा हलल्यासारखा वाटणार नाही, त्या इंजिनात प्लंजरचे (दट्ट्याचे) पंप आहेत आणि प्रेशर मुळातच कमी असतं. त्यापेक्षा गाडी स्लोवर ठेवून वर रॉकरकडं (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाकडं) जाणाऱ्या नळीचा बँजो बोल्ट (आतनं ऑइल जाणारा पोकळ बोल्ट) जरासा सैल करा, ऑइल पाझरत आलं म्हणजे वरपर्यंत पोचतंय. आणि परत आवळताना कॉपरचा वायसर नवाच टाका.