परसात बेडकांसाठी छोटं तळं करायचंय, मासे सोडू का आणि डास होतील का?

मासे अजिबात सोडू नका. गप्पी, गंबुसिया दोन्ही बेडकांची अंडी आणि लहान बेडूकमासे खातात, मग तळं असून बेडूक नाही अशी गत होते.

खड्डा मेच्या शेवटी खणून ठेवा, म्हणजे पहिल्या पावसातच भरतो. मधे दीड-दोन फूट खोल पुरे, पण एक बाजू तरी अगदी हळू उतरती पाहिजे, कारण पाय फुटलेली पिल्लं तिथूनच बाहेर येतात, उभ्या काठाच्या टाकीत ती बुडून मरतात हो, आणि हेच सगळे विसरतात. खाली शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद टाका, त्यावर माती, कडेला दगड आणि गवत वाढू द्या. नळाचं पाणी भरणार असाल तर आधी एक-दोन दिवस बादलीत उघडं ठेवा, क्लोरीन उडून जातं. वर झाडाची फांदी आली तर उत्तमच, झाडावरचे काही बेडूक पाण्याच्या वर फेसाचं घरटं करतात, पिल्लं खाली पाण्यात पडतात.

डासांचं म्हणाल तर चतुर किड्यांची पिल्लं पाण्यातल्या डासांच्या अळ्या खातात, ती येईपर्यंत थोडं लक्ष ठेवा, आणि डेंग्यूचा डास तसाही जास्त करून टायर, कुंडीखालची ताटली असल्या साठलेल्या पाण्यात होतो, ते आधी रिकामं करा. औषध फवारू नका, बेडकाची कातडी सगळं शोषून घेते.

बेडूक दुसरीकडून पकडून आणू नका प्लीज, रोग पसरतात. जवळपास असतील तर स्वतःच येतील. घरात लहान मूल असेल तर भोवती जाळी लावाच.