छर्रा उलटा भरून बघायचाय? मग हे आधी वाचा

एअर रायफलमध्ये छर्रा उलटा भरण्याचा प्रयोग करायला हरकत नाही, पण स्प्रिंगची रायफल आणि पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) यांना एकच नियम लावू नका.

छर्‍याचा मागचा पोकळ स्कर्ट हवेच्या दाबाने फुगतो आणि नळीत घट्ट बसतो. उलटा भरला की भरीव डोकं मागे जातं, ते फुगत नाही. हवा बाजूने निसटू शकते, वेग दर फैरीला बदलू शकतो. शिवाय जड भाग मागे आल्याने छर्रा हवेत डळमळतो. जवळच्या कागदावर भोक छान गोल पडतं, म्हणून लोक फसतात. अंतर वाढलं की फैरी पांगतात.

त्यापेक्षा छर्रा नळीत किती आत बसवायचा, हा प्रयोग जास्त फायद्याचा. एकाच डब्यातले छर्रे घ्या, रायफल टेकवून 10 मीटरवर 5 फैरी बोटाने सपाट बसवून झाडा, मग 5 फैरी बोथट पेनाने साधारण 1 मिमी आत ढकलून. स्कर्ट वाकडा झाला तर तो छर्रा फेकून द्या. स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा भरताना खाली वाकवलेलं बॅरल दुसर्‍या हाताने धरूनच ठेवा, नाहीतर बोटं चिरडतील.

दोन छर्रे एकत्र? स्प्रिंगच्या रायफलीत नकोच. वजन दुप्पट होतं, पिस्टन उसळी मारतो आणि छर्रे नळीतच अडकू शकतात. अडकलेच तर वर दुसरी फैर झाडू नका. स्प्रिंग ताणलेली (कॉक केलेली) नाही याची खात्री करून सफाईच्या सळईने ढकलून काढा. पीसीपीच्या मॅगझिनमध्ये उलटा छर्रा बर्‍याचदा अडतो, तिथे एकेरी ट्रे (एका वेळी एकच छर्रा ठेवायची पट्टी) वापरा. चष्मा मात्र प्रत्येक वेळी.