दहावीची मुलगी इंग्रजी शब्दांवर मराठीत उच्चार लिहिते. ही सवय कशी मोडावी?

तुमचा प्रश्न खरं तर मोठा आहे. मुलगी मराठी माध्यमात, बोर्डाला तीन महिने राहिलेत, इंग्रजीचं व्याकरण, शब्द आणि उच्चार यांचा सराव घरी कसा करून घ्यायचा. पण माझी नजर त्यातल्या शेवटच्या ओळीवरच अडकली: ती पुस्तकात शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने मराठीत उच्चार लिहिते, मॅडम रागावतात, सवय कशी मोडावी?

मोडू नका. घरातला खोडरबर लपवून ठेवा.

मी शिक्षिका नाही. सहकारी बँकेत कॅशला बसते. लेक मराठी माध्यमातून २०२३ ला दहावी झाली, तिचं इंग्रजी घरीच मी घेतलं, एवढाच माझा अधिकार. पण या एका मुद्द्यावर मी १९९३ पासून भांडतेय, त्यामुळे उत्तर लांबणार.

आमचं गाव बार्शी तालुक्यात. मी दहावीला होते आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. किल्लारी आमच्यापासून शंभरेक किलोमीटर, तरी मांडणीवरची भांडी खाली आली. पुढे कितीतरी रात्री अख्खं गाव अंगणात झोपत होतं. वडिलांचा ट्रान्झिस्टर बाजेच्या पायाशी ठेवलेला असायचा. सकाळी ७:०५ च्या बातम्या, संध्याकाळच्या बातम्या आणि रात्री ९ ला इंग्रजी. इंग्रजी कुणाला कळत नव्हतं, पण बंद करायला कुणाचा हात जायचा नाही. त्या न कळणाऱ्या आवाजातून मधेच 'उमरगा', 'लातूर' अशी आपली नावं यायची आणि आजी उठून बसायची.

मला थोडं थोडं कळायचं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून, पहिलीपासूनचं इंग्रजी २००० साली आलं. म्हणजे पाच वर्षांची शिदोरी. मी वहीच्या मागच्या पानावर कानाला पडेल ते देवनागरीत उतरवून घ्यायचे. अर्थक्वेक. ट्रेमर्स. सर्व्हायव्हर्स. आणि रोज येणारा एक शब्द, डेब्री. 'अंडर द डेब्री.' माणसं ज्याच्याखाली सापडतात ते, म्हणजे ढिगारा, एवढं कुणीही न सांगता समजलं होतं.

दादा तेव्हा सोलापुरात बी.ए. करत होता, इंग्रजी स्पेशल. दिवाळीला आला तो इंग्रजी पेपरांची चळत घेऊन. मी ओळीवर बोट ठेवून वाचायला बसले. डेब्री शोधत होते. स्पेलिंग माझ्या हिशेबाने डी, ई, बी, आर, डबल ई. कुठेच नाही. उलट 'डेब्रिस' नावाचा एक नवाच शब्द पानापानावर. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी त्या डेब्रिसच्या मागे 'अंडर द' दिसलं आणि अंगावर काटा आला. दोन्ही एकच! शेवटचा एस म्हणायचाच नाही!

धावत जाऊन दादाला सांगितलं. दादा म्हणाला, "एस दिसतोय ना? मग तो काय शोभेला ठेवलाय?"

दिवाळीनंतर शाळेत सरांनी भूकंपावर निबंध आणायला सांगितला. मी उभी राहून वाचला. डेब्री आल्याबरोबर सरांनी थांबवलं. "काय? परत वाच." परत वाचलं. "डेब्रिस," सर म्हणाले. मी म्हटलं, "सर, रेडिओवर डेब्री म्हणतात." मागच्या बाकावरून आवाज आला, "डबरं!" आणि वर्ग फुटला. मार्चपर्यंत माझं नाव डबरी होतं. काही जण अजून म्हणतात.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी आज हे लिहीत बसले नसते. सरांनी माझं पाठ्यपुस्तक मागून घेतलं. प्रत्येक धड्यात, प्रत्येक अवघड शब्दावर माझी पेन्सिल. 'आयलंड'. 'डाउट'. 'नॉलेज'. पुस्तक वर धरून सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाले, "ही इंग्रजी वाचतच नाही. ही मराठी वाचतीय." मग दोन तास मला मागे बसवून सगळं खोडायला लावलं. तेव्हाचा खोडरबर म्हणजे एका टोकाला लाल, एका टोकाला निळा. निळा भाग कागदच खरवडतो. एका ओळीत भोक पडलं. खोडलेलं पान आजही उजेडासमोर तिरपं धरलं की पेन्सिलीचे वळ दिसतात. पुस्तक माझ्याकडे आहे.

घरी आल्यावर दादा म्हणाला, सरांचं बरोबर आहे. ते जास्त लागलं.

बारावीला बार्शीत कॉलेजच्या लायब्ररीत जाडजूड कोश हाताला लागला. त्यातली उच्चाराची चिन्हं मला नीट कळत नव्हती, पण शेवटी एस नाही इतकं दिसत होतं. लायब्ररीतून बाहेर पडून एसटी स्टँडवर आले आणि समोर डेपो. डेपो! गाडीवर 'आगार' लिहिलेलं असलं तरी बोलताना सगळा तालुका डेपोच म्हणतो. स्पेलिंगमध्ये शेवटी टी आहे, पण सरांपासून हमालापर्यंत कुणीही कधी 'डेपॉट' म्हटलेलं नाही. हे मला त्या दिवशी वर्गात का सुचलं नाही, याची हळहळ अजून जात नाही.

दादाला दाखवलं. तो म्हणाला, "बरं, एक शब्द तुझा निघाला. पद्धत चुकीचीच."

तर तुमच्या मॅडमही दादाच्याच पक्षातल्या दिसतात. त्यांना सांगा, इंग्रजी स्पेलिंग उच्चार लपवतं आणि देवनागरी तो उघडा करते. हॅट, हॉट, हट, हार्ट. मराठीत लिहिले की चौघांचे चेहरे वेगळे दिसतात. ॲ आणि ऑ आपल्याकडे आहेत, ते वापरायला लाज कसली? व्ही आणि डब्ल्यू घ्या. आपण व्हॅन लिहितो आणि वॉटर लिहितो. व्ह म्हणजे खालचा ओठ दातांना लागणार, व म्हणजे ओठ गोल होणार. हा भेद मराठी लिहिणाऱ्यांनी आपण होऊन करून ठेवलाय. तुमची मुलगी 'व्हेरी वेल' असं लिहीत असेल तर अर्धा उच्चार तिला आधीच येतो.

आणि भूतकाळाचा 'ईडी'. मराठी माध्यमाची मुलं 'वॉकेड', 'लाफेड' म्हणतात कारण डोळ्यांना ईडी दिसतो. डोक्यावर 'वॉक्ट' लिहा, 'लाफ्ट' लिहा, 'प्लेड' लिहा, 'वॉन्टेड' लिहा. चार दिवसांत मुलगी स्वतः नियम सांगेल: शेवटचा आवाज ट किंवा ड असला तरच 'एड' ऐकू येतो. क, प, फ, स, श, च यांच्या मागे नुसता ट, बाकी ठिकाणी ड. माझ्या लेकीने असाच शोधला, मी फक्त शब्द पुरवले.

अ आणि ॲनचंही तेच. 'ॲन अवर' का आणि 'अ युनिव्हर्सिटी' का? स्पेलिंग बघाल तर दोन्ही उलटे वाटतात. देवनागरीत बघा: अवर स्वराने सुरू, युनिव्हर्सिटी 'य'ने सुरू. प्रश्नच मिटला.

व्याकरणाचं विचारलंय तुम्ही. सगळं लिहीत नाही, काळांचे तक्ते गाईडमध्ये आहेतच. पण तिथेही माझं म्हणणं तेच: मराठी बाजूला ठेवून नाही, मराठी शेजारी ठेवून शिकवा. मुलं रिपोर्टेड स्पीचमध्ये सारखी का चुकतात? कारण आपण बोलतो, "ती म्हणाली की मी दमलेय." मी तशीच, काळ तसाच. इंग्रजीत 'शी सेड दॅट शी वॉज टायर्ड', मी ची ती झाली, आहे चं होते झालं. दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहा आणि जे बदललं त्याला गोल करा. रोज पाच. 'क्वेश्चन टॅग'लाही तसंच. आपलं एक 'ना?' सगळीकडे चालतं, त्यांना दर वाक्याला नवीन लागतं. हे एकदा मुलीला कळलं की तिला स्वतःचा राग येत नाही, इंग्रजीचा येतो. ते बरं असतं.

पॅसिव्हसाठी आम्ही बिस्किटाचा पुडा वापरायचो. 'मॅन्युफॅक्चर्ड बाय'. कुणी केलं? बायच्या पुढे बघ. केलेली वस्तू कुठाय? हातात. शाम्पू, मीठ, चहा पावडर, सगळ्या पाकिटांवर आज्ञार्थ आणि कर्मणी पसरलेलं आहे. 'स्टोअर इन अ कूल अँड ड्राय प्लेस' हे माझ्या लेकीचं पहिलं न घोकता पाठ झालेलं इंग्रजी वाक्य.

शब्दांची वही करा, पण इंग्रजी-मराठी अशा दोन रकान्यांची नको, तीन रकान्यांची. स्पेलिंग, देवनागरी उच्चार, अर्थ. मधला रकाना झाकून वाचायचं, मग पहिला झाकून लिहायचं. लेकीच्या वेळी पेपर असा होता: पहिलाच प्रश्न भाषाभ्यासाचा, १० गुण, शब्द पूर्ण करा, शब्दसाखळी, शब्दांपासून शब्द, आणि शेवटी ५ गुणांचं भाषांतर. नुसत्या शब्दांच्या जोरावर तिथे गुण हाती येतात आणि बरीच मुलं पत्र-निबंधाच्या धास्तीत तेच सोडून देतात. लेखी ८०, उरलेले २० शाळेत, तोंडी तिथेच. यंदा काही बदललंय का ते शाळेत विचारून घ्या, माझी माहिती २०२३ ची.

आता दादाची बाजू, नाहीतर तो म्हणेल एकतर्फी लिहिलंस. त्याचा आक्षेप असा की डोक्यावर मराठी दिसली की मूल खाली बघतच नाही, मग स्पेलिंग कसं येणार? हे खरं आहे. माझंही आलं नव्हतं, 'नॉलेज' मी दहावीत एन पासून लिहिलंय. म्हणून तीन रकाने. आणि पुस्तकातली पेन्सिल धडा झाला की खोडायची, पण मुलीने स्वतः, येतंय असं वाटल्यावर. वर्गासमोर नाही. आणखी एक, ज्याने उच्चार लिहून द्यायचा त्याला तो आला पाहिजे. गाईडमधले देवनागरी उच्चार डोळे मिटून उतरवू नका, शंका आली की मोबाईलवर शब्द ऐका. आम्हाला रात्री ९ ची वाट बघावी लागायची.

देवनागरीत शब्दाचा जोर दाखवता येत नाही, हाही त्याचाच मुद्दा. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर. 'फटॉग्रफर' म्हटलं की तो 'टॉ'वर जातो. लिहिलेलं सरळ वाचलं तर सगळं एका सुरात, पोथी वाचल्यासारखं होतं. मला हे कळत नव्हतं. २०२२ च्या दिवाळीत दादा आला होता. तो आता ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतो. लेकीचं पुस्तक त्याने उघडलं, माझं अक्षर ओळखलं, मान हलवली. मी स्वयंपाकघरात गेले. परत आले तर तो पेन्सिल घेऊन बसला होता आणि माझ्या देवनागरीवर, जोर असलेल्या अक्षरांच्या डोक्यावर, बारीक उभ्या रेघा मारत होता. 'टॉ'वर एक, 'प्रिझेंट'च्या 'झें'वर एक. म्हणाला, "हे फक्त स्ट्रेस मार्क आहेत. पद्धत मला मान्य नाही." असे चार धडे केले त्याने.

त्या रेघा तुम्हीही मारा.

ता. क. पोस्ट करायच्या आधी दादाला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, पेपरांची चळत वगैरे काही नव्हती, दोनच अंक होते आणि तेही बसमध्ये सीटवर सापडलेले. डेब्रीबद्दल काही बोलला नाही.