पहिला भाग रेकॉर्ड करण्याआधी

तुझ्या वैद्यकीय पॉडकास्टच्या पहिल्याच भागात 'छातीत दुखणे' हा अख्खा विषय घ्यायचा म्हणतोस, तो मोह आवर. एकच प्रश्न घे: अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या तीव्र अ‍ॅलर्जीत, अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन किती, कुठे, कधी? पंधरा मिनिटं त्यालाही कमी पडतात.

आकडे मात्र जपून बोल. ऐकणारा गाडी चालवत असतो, नाहीतर नाइट ड्यूटी करून पेंगत असतो. 'पॉइंट फाइव्ह'मधला पॉइंट हमखास निसटतो. म्हणून 'अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत' असं म्हण, आणि पुन्हा एकदा म्हण. हा मोठ्यांचा डोस, हेही सांग. हृदय बंद पडल्यावर तेच औषध १ मिलिग्रॅम शिरेतून देतात. दोन्ही एका दमात सांगितलंस तर घोटाळा ठरलेलाच. मी तो केलाय. अख्खा भाग काढून पुन्हा रेकॉर्ड करावा लागला.

रुग्णाची गोष्ट सांगताना नुसतं नाव गाळून भागत नाही. वय, तारीख, अपघाताचा विचित्र प्रकार यावरूनही माणूस ओळखू येतो. तपशील बदल, संमतीही घे.

महागडा माइक नको. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्यासमोर बोललास तरी आवाज घुमत नाही. स्क्रिप्ट आधी एखाद्या सहकाऱ्याला वाचायला दे, शक्यतो चुका काढायची खोड असलेल्याला.