गाडीचं दुखणं : आधी केबल बघा, मग गिअरबॉक्स उतरवा

प्रश्न : माझी 2009 ची मारुती 800 आहे. दोन महिन्यांपासून चढाला इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही. गॅरेजवाल्याने बॉनेटसुद्धा न उघडता 'क्लच गेला' म्हणून सांगितलं. मी आयटीआय फिटर आहे, कारखान्यात पंपांची कामं करतो. मेहुण्याला हाताशी घेऊन घरच्या अंगणात क्लच बदलता येईल का?
(एक वाचक, कराड)

उत्तर : येईल. पण पाना हातात घेण्याआधी क्लचची केबल बघा. 800 चा क्लच केबलवर चालतो. ती गिअरबॉक्सपाशी जिथे संपते तिथली दांडी हाताने हलवून पाहा, थोडी सैल हलली पाहिजे. पेडललाही सुरुवातीला बोटभर मोकळी चाल हवी. ती नसेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) प्रेशर प्लेटला (क्लच प्लेट दाबून धरणारी) सतत रेटत राहतं, म्हणजे तुम्ही पाय काढलात तरी क्लच अर्धवट दाबलेलाच. क्लच प्लेट झिजेल तशी ही चाल आपसूक कमी होते. बरेच मालक वर्षानुवर्षं तिकडे ढुंकून बघत नाहीत आणि एक दिवस नवा क्लच घालून मोकळे होतात. खरं तर केबलचा नट चार आटे सैल केला असता तर काम भागलं असतं.

चाल बरोबर असेल तर मोकळ्या रस्त्यावर, हलक्या चढाला, चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढला, वेगाचा काटा जागच्या जागी राहिला आणि जळका वास आला, तर प्लेट संपली किंवा तिच्यावर ऑइल आलंय. हे एकदाच करा, दर वेळी थोडी प्लेट जळते.

आता अंगणाचं. कराडकडे अंगणात शहाबादी फरशी असेल तर तिच्यावर स्टँड थेट टेकवू नका, फरशी तडकते. मातीत स्टँड रुततो. दोन्ही ठिकाणी खाली जाड फळी हवी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, मेहुणा कितीही भरवशाचा असला तरी. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. गिअर ऑइल काढून घ्या, नाहीतर एक्सल ओढताच ते अंगावर येईल. पुढे केबल, वायरी, स्टार्टर, गिअरची दांडी, एक्सल, माउंटिंग हे सगळं तुम्हाला दिसेलच, फिटरला ते शिकवायची गरज नाही. फक्त माउंटिंग सोडण्याआधी इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून आधार द्या.

गिअरबॉक्स बाजूला झाला की आत काळी पूड दिसेल. ती फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या प्लेटांत फुप्फुसाला घातक अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, तुमच्या गाडीत आधी कुणी कसली प्लेट घातली कोण जाणे. ओल्या फडक्याने पुसा. पुडीऐवजी ओलसर चिकटा असेल तर क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) मागचं सील किंवा गिअरबॉक्सचं पुढचं सील गळतंय. सील तसंच ठेवून नवी प्लेट घालणं म्हणजे गळक्या छपराखाली गादी टाकणं. फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या टोकाचं जड चाक, प्लेट त्यावर दाबली जाते) निळे डाग किंवा चरे असतील तर लेथवर फेस मारून (वरचा थर कापून सपाट करून) घ्या. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात ते काम होतं, कराडला लेथवाला तुमच्या ओळखीचा असेलच. फ्लायव्हीलच्या मधलं छोटं बेअरिंग बोटाने फिरवून बघा. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला. बेअरिंगचे पैसे वाचवलेत तर तेवढ्यासाठी सगळं पुन्हा उतरवावं लागेल.

खरी मेहनत चढवताना आहे. 1989 साली मी शिकाऊ होतो. मिस्त्री जेवायला गेले होते आणि मला हुशारी सुचली. प्लेट अंदाजाने मध्ये धरून प्रेशर प्लेट आवळली. गिअरबॉक्स चढवला तर इंजिन आणि त्याच्यात करंगळी जाईल एवढी फट राहिली. मी बोल्टने ओढून ती मिटवायला गेलो. टक् असा आवाज आला आणि गिअरबॉक्सचा कान (बोल्टचं भोक असलेला भाग) तुटून हातात आला. मिस्त्री परत आले, तो तुकडा उचलून माझ्या डब्यात पोळीवर ठेवला आणि म्हणाले, "जेव आता." पुढचे तीन महिने पगारातून पैसे कापले गेले.

म्हणून सांगतो, प्लेट बरोबर मध्ये बसवायला जुना क्लच शाफ्ट (गिअरबॉक्समधून येऊन प्लेटच्या मधोमध बसणारा दांडा) मिळवा. नाहीच मिळाला तर लाकडी दांडका तासून त्याला टेप गुंडाळा. प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते, वाचून लावा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळा. शाफ्टच्या दातांना ग्रीस नावापुरतं लावा, जास्त झालं तर ते उडून प्लेटवर जातं. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन शाफ्टवर लोंबकळू देऊ नका, प्लेटचा मधला भाग वाकतो. एकाने उचलून धरायचा, दुसऱ्याने हलवत पुढे सरकवायचा. तो हाताने इंजिनाला चिकटला पाहिजे. फट राहिली तर बोल्टला हात लावू नका, बाहेर काढा आणि प्लेट पुन्हा मध्ये आणा.

गॅरेजात दोघांना अर्धा दिवस लागतो. तुम्ही शनिवार-रविवार दोन्ही धरा आणि सोमवारी कारखान्याला बसने जायची तयारी ठेवा. शेवटी नवं ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं भरा आणि केबलची मोकळी चाल लावा. पाचशे किलोमीटरनंतर ती पुन्हा तपासा, तोवर घाटात ओझं भरून नेऊ नका.

प्रश्न : ट्रॅफिकमध्ये मी क्लचवर पाय नुसता ठेवते, दाबत नाही. नवरा म्हणतो त्याने क्लच जातो. कोण बरोबर?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नवरा. पायाचं वजनही पेडलला पुरतं, बेअरिंग फिरत राहतं आणि प्लेट किंचित घसरते. सिग्नलला न्यूट्रल करा, पाय पेडलवरून काढून खाली ठेवा. मात्र ते स्वतः चढावर हँडब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवतात का, तेही एकदा विचारा.