‘मंडळात जाते, पण मी त्यांच्यातली वाटत नाही’

“सगळ्या हसून बोलतात, वाईट कुणीच नाही. पण मी त्यांच्यातली वाटत नाही.” ही तक्रार माझ्याकडे वरचेवर येते. लग्न होऊन आलेल्या मुली नवऱ्याच्या मित्रपरिवाराबद्दल हेच सांगतात, बदली होऊन आलेले शिक्षक नव्या शाळेबद्दल, आणि मुलाकडे राहायला आलेले आईवडील सोसायटीबद्दल. त्यातली एक हकीगत सांगते. परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काकू साठीच्या पुढच्या. यजमान गेल्यावर अंबाजोगाईचं घर बंद करून पुण्याला मुलाकडे कायमच्या राहायला आल्या. सोसायटीत बायकांचं भजनी मंडळ होतं, सोमवारी दुपारी जमणारं. सुनेनंच त्यांचं नाव घातलं. काकूंचा गळा चांगला, भजनाची लहानपणापासून आवड. तरी थोड्याच दिवसांत सोमवार आला की गुडघे दुखू लागले. सुनेला वाटलं, आई मुद्दाम कुणात मिसळत नाहीत. ती त्यांना घेऊन माझ्याकडे आली.

आधी मी झोप आणि भूक विचारली. सतत उदास वाटतं का, कशातच मन लागत नाही असं होतं का, तेही पाहिलं. असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, तर केवळ ओळखी वाढवून भागत नाही, डॉक्टरांना दाखवावं लागतं. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतून बोलता येतं. काकूंचं तसं काही नव्हतं. दुःख होतं, पण बाकी सगळं नीट चाललं होतं.

मग म्हटलं, “काकू, मागच्या सोमवारी दारातून आत शिरल्यापासून काय काय झालं ते सांगा.”

त्या सांगू लागल्या. सतरंजीवर प्रत्येकीची जागा ठरलेली. काकू दाराजवळ, चपलांच्या बाजूला बसल्या. प्रत्येकीकडे हातानं लिहिलेली भजनाची वही, यांच्याकडे नाही. शेजारणीनं वही जरा सरकवली, पण चष्म्यातून ओळी लागेनात. गौळण सुरू झाली, ती काकूंना पाठ होती, म्हणून त्यांनी मोठ्यानं आवाज लावला. चाल वेगळी निघाली. पेटीवरच्या बाई थांबून म्हणाल्या, “आमच्याकडे ही चाल नाही हो.” सहज म्हणाल्या. पुढे चहाला कुठल्याशा अष्टविनायक सहलीतली गंमत निघाली, सगळ्या पोट धरून हसल्या. काकूही हसल्या. कशाला हसताहेत, हे कुणी सांगितलं नाही.

यात कुणी कुणाला तोडून बोललं नव्हतं. नव्या माणसाला एकटं पडायला दुष्टपणा लागतच नाही. आतल्या लोकांना आपलं वर्तुळ दिसत नाही, त्यामुळे त्यात दार ठेवायचं सुचत नाही, आणि ही जबाबदारी माझ्या मते आतल्यांची जास्त आहे. पण मंडळ काही माझ्यासमोर बसलेलं नव्हतं. समोर काकू होत्या.

त्यांना मी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे वेळेचा हिशेब. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८ चा अभ्यास आहे. त्यातली बरीच माणसं नुकतीच नव्या गावी राहायला गेलेली होती. नुसत्या ओळखीचं जुजबी मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तासांचा सहवास लागतो, असं त्यात दिसलं. जिवाभावाच्या मैत्रीला २०० हून जास्त. आठवड्याला दीड तास धरला, तर ५० तासांनाच पावणेआठ महिने. त्यातही भजन चालू असताना बोलणं कुठलं? काकू वेळेवर जात होत्या आणि आरती झाली की लगेच निघत होत्या. ओळख होते ती सतरंजी घालताना आणि कप विसळताना, आणि नेमका तोच वेळ त्या सोडून देत होत्या.

दुसरं म्हणजे, पहिल्या भेटीनंतर समोरच्याला आपण कितपत आवडलो, याचा आपला अंदाज बहुतेकदा कमीच निघतो. २०१८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात हे दिसलं. वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये तर हा गैरसमज कित्येक महिने टिकला. काकूंना हे पटलं नाही. “तुम्ही तिथं नव्हता,” म्हणाल्या. मी वाद घातला नाही.

सगळ्या मंडळाशी जमवायचा विचार सोडून एकच बाई निवडा, असं सुचवलं. आणि तिला काही द्यायला जाऊ नका, तिच्याकडे काहीतरी मागा. काकूंनी पेटीवाल्या बाईच निवडल्या, याचं मला कौतुक वाटलं. “तुमची वही दोन दिवस देता का? उतरवून घेते.” वही आणायला एकदा त्यांच्या घरी जाणं झालं, परत द्यायला पुन्हा. दुसऱ्या खेपेला चहा झाला. बोलता बोलता कळलं, बाईंचं आजोळ परळीचं. काकूंची चाल त्यांच्या आजीच्या तोंडची निघाली; फक्त मंडळात ती कधी गायली गेली नव्हती.

पुढच्या सोमवारपासून काकू बाईंच्या शेजारी बसू लागल्या आणि टाळांची पिशवी त्यांच्याकडे आली. टाळ त्यांच्या घरी, म्हणजे त्या आल्याशिवाय भजन सुरू होणार नाही. दिंडीत नवख्यालाही ओळीत जागा मिळते आणि सगळे त्याला ‘माउली’ म्हणून पाया पडतात. तो कोण, कुठला, हे नंतर. गटात आधीपासून असलेल्यांना माझं हेच कळकळीचं सांगणं आहे. नव्या बाईला सगळ्यांसमोर उभं करून ‘स्वतःबद्दल दोन शब्द सांगा’ म्हणू नका, ती आणखी आखडते. कुणीतरी एकीनं तिला शेजारी बसवावं, जुनी गंमत निघाली की पार्श्वभूमी सांगावी आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळीच एखादं खरं काम द्यावं. या मंडळानं आता वहीच्या चार झेरॉक्स पेटीच्या खोक्यात ठेवल्या आहेत.

सगळंच जुळून आलं असं नाही. काकूंची चाल काहीजणींना अजून रुचत नाही, त्यामुळे गौळण आलटून पालटून दोन्ही चालींत होते. जुन्या चारजणी शुक्रवारी एकत्र बाहेर जेवायला जातात, तिथे काकूंना बोलावणं नसतं. शेवटच्या भेटीत त्यांनी हे सांगितलं, तेव्हा मी विचारलं, “लागतं का मनाला?” त्या म्हणाल्या, “पहिल्यासारखं नाही. त्यांची वीस वर्षांची मैत्री आहे. आणि शुक्रवारी बाई माझ्याकडे येतात, परळीच्या गप्पा मारायला.”