कोट्याची फरशी पांढरी पडली, तक्रार कुणाविरुद्ध?

प्रश्न : नव्या घरासाठी दुकानात नमुना पाहून ९०० चौरस फूट कोटा घेतला. आत फरशी, बाहेर पायऱ्या. सहा महिन्यांत फरशी पांढरट, खरखरीत झाली आणि पायऱ्यांचे पापुद्रे सुटू लागले. दुकानदार म्हणतो, गवंड्याने ॲसिड मारलं. ठेकेदार म्हणतो, मालच खराब. बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलंय.

उत्तर : एकाच तक्रारीत दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकट्यावर गेलात, तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटायला बघेल.

मात्र आधी नुकसान वेगवेगळं पाहा. कोटा हा चुनखडीचा दगड. सिमेंटचे डाग काढायला ॲसिड ओतलं की दगडाचा पृष्ठभागच विरघळतो आणि पॉलिश जातं. जमिनीशी डोळा नेऊन तिरप्या उजेडात बघा. दगडाचा दोष त्या लादीपुरता, सांध्याशी थांबतो. ॲसिडचा ओघळ सांधा ओलांडून शेजारच्या लादीवर जातो. तसे ओघळ दिसले, तर आतल्या फरशीचा जबाब ठेकेदाराने द्यायचा, कारण ही सेवेतली त्रुटी आहे. पायऱ्यांचा प्रश्न बहुधा मालाचा. बाहेर लावायचा म्हणून दगड मागितला होता, हे दाखवता आलं तर वस्तुविक्री अधिनियम, १९३० चं कलम १६ (सांगितलेल्या कामासाठी माल योग्य असावा) लागू होतं; नमुन्यावरून विक्री झाली म्हणून कलम १७ही. नमुना नीट पाहूनही न दिसणारा दोष मालात नसावा, ही अट त्यातच आहे. काय मागितलं होतं, हे दाखवायला दुकानदाराशी व्हॉट्सॲपवर झालेलं बोलणं पुसू नका.

बिलावरच्या त्या ओळीला घाबरू नका. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. पक्कं बिल नसेल, तर यूपीआयच्या नोंदी आणि माल आणणाऱ्या गाडीचं डिलिव्हरी चलन जपा.

आधी दोघांना १५ दिवसांची लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. दाद मिळाली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. मुदत २ वर्षांची. सावधगिरी म्हणून ती माल मिळाल्याच्या तारखेपासूनच मोजा.

तोवर पुन्हा पॉलिश करून घेऊ नका, नाहीतर पुरावाच घासला जाईल. आयोग दगड प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्यासाठी उरलेल्या न लावलेल्या लाद्या कोरड्या जागी उभ्या ठेवा. त्यांना ॲसिड, सीलर (दगडावर लावायचा संरक्षक लेप) काहीही लागू देऊ नका.